सत्तेचाळीस नंबरचं रक्त

माझ्या नोकरीचं काम सांगायला सोपं होतं. माणसं किती दमली आहेत ते मोजायचं. हे सांगितलं की लोक हसतात. आमच्या सोसायटीतल्या एक बाई म्हणाल्या, "अहो, त्याला मशीन कशाला लागतं? मला बघा ना, मी रोज दमते." त्यांच्या घरी स्वयंपाकाला एक बाई आणि धुण्याभांड्याला दुसरी. पण मोजल्याशिवाय कुणाला दमलेला म्हणू नये आणि ताजातवानाही म्हणू नये, एवढं या कामाने शिकवलं.

या अंकासाठी फोन आला तेव्हा संपादक म्हणाले, "ताई, वैद्यकीय संशोधनात इतकी वर्षं काढलीत, काहीतरी प्रेरणादायी लिहा." प्रेरणादायी माझ्याकडे काही नाही. एक माणूस आहे. त्याच्याबद्दल लिहिते, छापायचं की नाही ते त्यांनी बघावं.

मी डॉक्टर नव्हे. लॅब टेक्निशियनचा डिप्लोमा करून आधी पॅथॉलॉजीत रक्तं काढली, मग एका संशोधन संस्थेत लागले आणि तिथूनच निवृत्त झाले. संस्थेचं नाव लिहीत नाही. लिहून कुणाचं भलं होणार नाही. आमच्या मोठ्या डॉक्टरांनी जो अभ्यास हातात घेतला होता त्याचा विषय असा, की माणसाची शारीरिक क्षमता, त्याला वाटणारा थकवा आणि रक्तात दिसणाऱ्या आजाराच्या खुणा, या तिन्हींचा एकमेकांशी मेळ बसतो का? त्यासाठी दोन गट निवडले. कळंबोलीच्या लोखंड बाजारात माल उचलणारे माथाडी आणि बेलापूरच्या कचेऱ्यांमधले कारकून. म्हणजे एक उचलणारे, एक बसणारे.

चाचण्या साध्या होत्या. एक लाकडी पायरी होती. टिकटिक वाजायची, त्या ठेक्यावर तीन मिनिटं चढायचं-उतरायचं, मग खुर्चीत बसायचं. नाडी किती वेळात ताळ्यावर येते ते मी बघायची. ज्याची लवकर येते तो तंदुरुस्त. मग हाताच्या पकडीची ताकद. मग रक्त. त्यात बाकी बऱ्याच गोष्टी असायच्या, पण महत्त्वाचं होतं क्रिएटिनिन. स्नायूंच्या कामातून तयार होणारा हा कचरा किडनी बाहेर टाकते. रक्तात तो वाढला की समजायचं, किडनीला काम झेपेनासं झालंय. शेवटी एक फॉर्म. गेल्या आठवड्यात किती थकवा वाटला? शून्य ते दहा, एका आकड्यावर गोल करा.

बेलापूरचे लोक आठवर गोल करायचे, नऊवर करायचे. एक वरिष्ठ लिपिक पायरीवर नऊ वेळा चढले आणि म्हणाले, "बस, मॅडम." फॉर्म बघून त्यांनी विचारलं, "दहाच्या पुढे आकडा नाही का?" मग खुर्ची जवळ ओढून हळूच, "मॅडम, इलेक्शन ड्युटी आलीये. यावर 'तीव्र थकवा' असं लिहून एक शिक्का मारून द्या ना. टेन्शन नका घेऊ, कोणी विचारत नाही." मी म्हटलं, हे सर्टिफिकेट नाही, संशोधन आहे. तर म्हणाले, "मग आमचा काय फायदा?" प्रश्न रास्त होता.

कळंबोलीत उलट. तिथे कुणीच दमत नव्हतं. उन्हात तापलेल्या सळया आणि अँगल खांद्यावरून ट्रकमध्ये चढवून आलेला माणूस, मानेवर घट्टा पडलेला, शर्टावर घामाचं मीठ वाळलेलं, आणि गोल कशावर? शून्यावर. मी म्हणायची, "अहो, थोडं तरी दमला असाल ना?" तो मागे वळून आपल्या टोळीच्या मुकादमाकडे बघायचा आणि म्हणायचा, "दमायला काय म्हातारा झालो व्हय?" सगळी टोळी हसायची. पुढचा माणूस परत शून्य.

मी एकदा त्यांची कामावरची कापडं खुंटीवर लटकलेली पाहिली. प्रत्येकाच्या खिशात अंगदुखीच्या गोळ्यांची पट्टी. सकाळी चहाबरोबर एक, जेवणानंतर एक, काहींची संध्याकाळी तिसरी. कामाच्या मध्ये लघवीला जावं लागू नये म्हणून पाणी कमी प्यायचे. कमी पाणी, वरून ऊन आणि रोजच्या गोळ्या. किडनीचं वाटोळं करायला आणखी काय लागतं? मी मोठ्या डॉक्टरांना सांगितलं. ते म्हणाले, "निरीक्षण चांगलंय, पण आपल्या फॉर्ममध्ये तो कॉलम नाही." आणि बैठकीत त्यांनी आलेख दाखवला, की बसून काम करणारे जास्त थकतात आणि अंगमेहनतीमुळे थकव्यापासून संरक्षण मिळतं. टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या. सगळे वाजवत होते.

मारुती पवार त्याच बाजारातला. साताऱ्याकडचा, चाळिशी उलटलेला, शब्द मोजून बोलणारा. अभ्यासात माणसांना नावं नसतात, नंबर असतात. हा सत्तेचाळीस. नाडी ताळ्यावर यायला त्याला सगळ्या टोळीत जास्त वेळ लागला. त्याच्या डाव्या हाताची शीर खोल होती, मला तीनदा टोचावं लागलं. मी माफी मागितली तर म्हणाला, "घ्या ताई निवांत. न्हाईतर बाहीर सळयाच उचलायच्यात." थकवा, अर्थातच, शून्य.

रिपोर्ट आला, क्रिएटिनिन वाढलेलं. अगदी हाताबाहेर गेलेलं नव्हतं. वेळेवर दाखवलं, गोळ्या थांबवल्या तर बरीच वर्षं रेटता आलं असतं. असं झालं की डॉक्टरांच्या सहीची चिठ्ठी द्यायची आणि मोठ्या इस्पितळात पाठवायचं, हा आमचा नियम. चिठ्ठी द्यायला मी स्वतः गेले. त्याला बाजूला घेऊन समजावलं. गोळ्या बंद करा, पाणी प्या, या आठवड्यात दाखवून या.

त्याने सगळं ऐकलं आणि एकच विचारलं. "ताई, ह्यो कागद कुनाकडं जातो?"

"कुणाकडेही नाही. तुमच्याकडे आणि आमच्या फायलीत."

"मंग बाजारात कसं म्हंत्यात की अनफिट निघाला त्याचा बिल्ला काढून घेनार?"

मी म्हटलं, असं काही नाही. खरंच नव्हतं. आमच्यामुळे एकाही माणसाचा बिल्ला गेलेला नाही. पण फिटनेसची टेस्ट म्हणून पांढरा कोट घालून कुणी आलं, की पास-नापास आलंच, असं तिथल्या माणसांनी धरलेलं होतं. बिल्ला म्हणजे त्यांची नोकरी. मारुतीने चिठ्ठी घडी करून टोपीत ठेवली. इस्पितळात तो गेला नाही, हे मला पुढे कळलं.

अभ्यासाचा दुसरा भाग असा होता, की सहा महिने टोळीला कामाआधी दहा मिनिटं व्यायाम द्यायचा आणि दिवसातून तीनदा लिंबू-मीठ-साखरेचं पाणी. मग सगळ्या चाचण्या पुन्हा करून काही सुधारलं का ते बघायचं. व्यायामाला सगळे हसत. "दिवसभर लोखंड उचलून व्यायाम हुईत न्हाई व्हय, म्याडम?" सरबत मात्र आवडीने प्यायचे.

आता या लोकांची एक रीत सांगायला हवी, नाहीतर पुढचं समजणार नाही. टोळीत एखादा आजारी पडला की गावाकडून त्याचा भाऊ, चुलतभाऊ, मेव्हणा येतो आणि त्याच्या जागी उभा राहतो. काम त्याचंच धरलं जातं. ट्रक भरला ना? मग कुणी भरला हे कुणी विचारत नाही. यात त्यांना फसवणूक वाटत नाही. उलट ज्याच्या जागी उभं राहायला कुणी नाही, त्याचं नशीब फुटकं म्हणतात. मला ही रीत फार आवडायची. अजूनही वाईट म्हणवत नाही.

सहा महिन्यांनी सत्तेचाळीस नंबर पायरीवर चढला आणि तीन मिनिटं टणाटण उतरला-चढला. नाडी झटकन ताळ्यावर. मी आनंदले. खुर्चीत बसवून डाव्या हाताला पट्टा बांधला तर शीर दोरीसारखी वर आली. एका टोचण्यात रक्त.

चेहरे माझ्या लक्षात राहत नाहीत. आयुष्यभर माणसांच्या कोपराच्या आतल्या बाजूला बघत आले, हात मात्र विसरत नाही. हा हात मारुतीचा नव्हता. आधार कार्ड मारुतीचंच आणलं होतं, आणि त्यावरचा फोटो कुणाचाही म्हणून खपला असता. मी सुई काढून कापूस दाबला आणि विचारलं, "तुमचं नाव काय?"

तो माणूस मुकादमाकडे बघायला लागला. शंकरनाना मुकादम पुढे आला. पिकलेल्या मिशा, आवाज कायम चढा, पण त्या दिवशी हळू बोलला. "म्याडम, सुभाष हाय. मारुतीचा सख्खा धाकटा भाऊ. मारुतीला दोन दिस बरं न्हाई, म्हनून त्येच्या जागी आलाय."

"नाना, हे काय सळया उचलणं आहे का? रक्त दुसऱ्याचं कसं चालेल?"

"एका आईची पोरं हायत, म्याडम. रगात येकच की."

मला हसावं की रडावं कळेना. नाना हात जोडून म्हणाला, "औंदा त्येला अनफिट लिवू नका. पोरगी धाव्वीला हाय. तुमच्या लेखनीचा एक फटकारा, आनि त्येचं घर बसंल."

लेखणीचा तसला फटकारा माझ्या हातात नव्हताच. मी पुन्हा पुन्हा तेच सांगितलं, आणि त्याने पुन्हा पुन्हा हात जोडले. शेवटी मी म्हटलं, ठीक आहे, सोमवारी मारुतीला स्वतः पाठवा, मी त्याचं रक्त वेगळं घेईन आणि हे फेकून देईन. तोवर नळीवर सत्तेचाळीसचं लेबल लावून ठेवलं. लेबल आधीच छापलेलं असतं. ते लावायला काहीच कष्ट पडत नाहीत.

सोमवारी मारुती आला नाही. बाजारात माल उतरला होता. मंगळवारी मी फोन केला, नाना म्हणाला, उद्या. बुधवारी आमच्याकडे मोठे डॉक्टर सगळ्यांवर भडकले होते. अभ्यासातून माणसं गळत होती, आणि आणखी गळाली तर सगळंच रद्द होईल, असं ते ओरडून सांगत होते. मला म्हणाले, "ताई, तुमचे कळंबोलीचे किती आले?" मी म्हणाले, "सगळे." नळी यंत्रात गेली.

हे मी केलं. दमून केलं, घाबरून केलं, नानाची दया येऊन केलं, यातलं काहीही लिहिलं तरी ते थोडं थोडं खरं आहे. पण केलं मीच. मला त्याची लाज वाटते.

सत्तेचाळीसचा रिपोर्ट नॉर्मल आला. नॉर्मल येणारच. मोठे डॉक्टर त्या आलेखाच्या प्रेमात पडले. सगळ्यात वाईट माणूस सगळ्यात चांगला झाला होता! बेलापूरच्या एका सभागृहात त्यांनी तो पडद्यावर दाखवला. दहा मिनिटं व्यायाम आणि लिंबाचं पाणी, किडनी पूर्ववत. चहाच्या वेळी मी त्यांना गाठलं आणि म्हटलं, "सर, सत्तेचाळीसबद्दल मला शंका आहे. माणूस वेगळा असावा."

त्यांनी कप खाली ठेवला. "असावा की होता?"

मी बिस्किटांची बशी त्यांच्यापुढे सरकवली.

"ताई, डेटा लॉक झालाय. तुमची शंका असेल तर लेखी द्या. ओळख पटवायची जबाबदारी कुणाची होती तेही त्यात लिहा." मग माझ्या खांद्यावर हात ठेवून, अगदी प्रेमाने, "निवृत्तीला किती राहिलं तुमच्या?"

मी लेखी दिलं नाही. डेटा लॉक होणं म्हणजे काय, ते बाहेरच्यांना सांगते. त्या दिवसापासून आकडे बदलता येत नाहीत. चुकीचा असला तरी तो आकडा खरा. माणसाचं शरीर मात्र लॉक होत नसतं, ते पुढे चालूच राहतं.

दुसरा रिपोर्टही नियमाप्रमाणे घरी गेला. 'सर्व मूल्ये सामान्य. पुढील तपासणीची गरज नाही.' टपाल करायच्या गठ्ठ्यात तो मी पाहिला होता. तेवढा एक लिफाफा काढून पर्समध्ये टाकणं अवघड नव्हतं. मला वाटलं, मारुतीला माहीतच आहे की रक्त आपलं नव्हे. तो कशाला यावर विश्वास ठेवेल? शिकलेली माणसं स्वतःची अशी समजूत घालू शकतात, हा शिक्षणाचा एक फायदा.

निवृत्तीनंतर घरी बसवेना. नेरूळच्या एका डायलिसिस सेंटरमध्ये सकाळी दोन तास रक्तं काढायला जाऊ लागले. एका सकाळी चौथ्या खाटेवरचा माणूस म्हणाला, "ताई, वळखलं न्हाई जनू. मी मारुती. कळंबोलीचा."

खांदे उतरलेले, चेहरा काळवंडून सुजलेला, हातातून दोन नळ्या मशीनकडे गेलेल्या. आठवड्यातून तीनदा येत होता. बिल्ला सुभाषच्या नावावर करायची खटपट चालली होती. सुभाष किडनी द्यायलाही तयार होता, पण मारुतीनेच नको म्हटलं. "दोघं बसलो तर दोन घरं बसत्याल." माझ्याशी तो इतक्या आपुलकीने बोलला की मला तिथे उभं राहवेना. "ताई, तुमी तवाच सांगितलं हुतं गोळ्या सोडा म्हनून. माझंच चुकलं. मागनं रिपोट नॉर्मल आला, मंग म्या चालूच ठेवल्या."

"मारुती, तो रिपोर्ट तर..."

"सुभाषच्या रगताचा, व्हय. पर म्हनलं, भावाचं चांगलं हाय म्हंजी आपलंबी तसंच आसंल. एकाच ताटात जेवलेलो." तो हसला. "आडानी मानूस, काय करता."

मी त्या दिवशी बाकीची रक्तं कशी काढली आठवत नाही. बाहेर बाकावर त्याची बायको शालन बसली होती, मांडीवर डबा. मला बघून सरकली, जागा दिली. म्हणाली, "ताई, एक इचारू का? यवढा नॉर्मल रिपोट आल्याला मानूस. मंग येकाएकी कसं झालं?"

तिला काहीही सांगता आलं असतं. असं होतं कधीकधी, असं डॉक्टर सांगतात. मी तसं सांगितलं नाही. म्हटलं, "शालन, ते रक्त त्यांचं नव्हतंच. तुझ्या दिराचं होतं."

"ते म्हाईत हाय की," ती म्हणाली. "म्याच भावजींना धाडलं हुतं. ह्यांच्या अंगात उठायची ताकद न्हवती त्या दिशी." पदराचं टोक ती बोटाला गुंडाळत होती. "म्हनलं, येवढी मोठी मशिनं, येवढं शिकल्याली मानसं. रगात दुसऱ्याचं आसंल तर त्यास्नी कळंलच. मंग शिव्या घालत्याल आनि ह्यांना वढून न्हेत्याल दवाखान्यात. माझं तर ह्ये ऐकत न्हवतं. पर तुमचा कागद आला, सगळं ठीक हाय म्हनून. तवा म्हनलं, खरंच दोघांचं रगात येकच आसंल. तुमाला कळलं न्हाई म्हनून तर जिवाला धीर आला."

आतून मशीनचा आवाज येत होता. मी म्हणाले, "मला कळलं होतं, शालन. सुई घातली तेव्हाच कळलं होतं."

ती रडली नाही, ओरडली नाही. दोन्ही झालं असतं तर मला सोपं गेलं असतं.

"मंग बोलायचं हुतं की वो, ताई," एवढंच म्हणाली, आणि मी काहीतरी उत्तर देईन म्हणून माझ्या तोंडाकडे बघत राहिली.